पालेर्मोचा बोंडा

आमच्या तंजावुरात परगावाहून आलेल्या माणसाला काय पाहिलंस असं कोणी विचारत नाही. काय खाल्लंस, असं विचारतात. काशीहून आलेल्याला विचारतात, दिल्लीहून आलेल्याला विचारतात. १९५९ साली सांबशिव भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरून परत आला, तेव्हा त्यालाही हेच विचारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत जास्त त्यालाच ठाऊक होतं.

सांबशिव आमच्या कॉलेजात व्यायामशिक्षक. मी इतिहास शिकवायचो, तो व्हॉलीबॉल. मुलांच्या लक्षात दोहोंपैकी काय राही, ते सांगायला नको. पंच म्हणून त्याचं नाव मद्रासपर्यंत होतं. त्याचा एकच हट्ट होता. चेंडू आपल्या बोटाला लागून बाहेर गेला, तर पंचाला दिसो न दिसो, खेळाडूनं आपणहून हात वर करायचा. या हट्टापायी आमच्या कॉलेजनं जिल्ह्याची ढाल सलग सहा वर्षं गमावली. प्रिन्सिपॉल म्हणायचे, "तुमची मुलं फार सज्जन आहेत, सांबशिवराव. यंदा थोडी कमी सज्जन निघाली तर चालेल."

तर सिसिली बेटावर पालेर्मो नावाचं शहर आहे. तिथे रेल्वे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरल्या. आपल्या संघाबरोबर जायच्या पंचाचा पाय ऐन वेळी मोडला आणि मद्रासहून सांबशिवला तार आली.

घरात सांबशिव आणि त्याची आई भागीरथी मामी (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला सगळे मामीच म्हणतात), दोघंच. वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. मामींचे थोरले बंधू कृष्णाजी मामा राजवाड्यामागच्या गल्लीत राहायचे. आमच्या मराठी घरांत काय चालतं आणि काय चालत नाही, हे तेच ठरवायचे. म्हणजे काय चालत नाही, एवढंच ठरवायचे.

"समुद्र ओलांडून जायचं, नाही नाही ते खायचं, आणि परत येऊन बापाच्या पिंडाला हात लावायचा?" मामा म्हणाले. "भागू, माझं ऐक."

"आपले लोक घोड्यावर बसून एवढ्या लांब आले, अण्णा," मामी म्हणाल्या. "वाटेत त्यांनी काय खाल्लं, ते कुणी विचारलं होतं?"

मामा तीन दिवस बहिणीशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मामींनी मुलाला पोह्यांचा डबा आणि चिंचेच्या कोळाची बरणी दिली. मी तिथेच बसलो होतो. त्या म्हणाल्या, "सांबू, ओळखत नाहीस ते खायचं नाही. चुकून पोटात गेलं तर येऊन सांगायचं. न सांगता वडिलांच्या श्राद्धाला बसायचं नाही. अण्णाला मी शब्द दिलाय."

अडीच महिन्यांनी तो परतला. वडिलांचं श्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं.

आला तो जरा वाळलेला, पण आनंदात दिसला. आमच्याकडे आला तेव्हा माझ्या बायकोनं, राजलक्ष्मीनं, बटाट्याचे बोंडे तळले होते. सांबशिवनं एक उचलला, दोन्ही हातांनी मधोमध फोडला, आत नीट पाहिलं आणि मग खाल्ला. दुसराही तसाच, तिसराही.

"काय ओ, भावजींना आमच्या बटाट्यावर भरवसा नाही?" राजलक्ष्मी म्हणाली.

तो हसला. चौथाही फोडून पाहिला.

पुढच्या शनिवारी पापनाशमला सामना होता. चौदा-तेरा अशी पापनाशमची आघाडी. त्यांचा फटका आमच्या नटराजच्या हातांवरून बाहेर गेला. त्यांच्या शाळेचे मास्तर पंच होते. त्यांनी आमच्या बाजूनं शिट्टी दिली. म्हणजे आम्ही वाचलो. नटराजनं एकदा सांबशिवकडे पाहिलं आणि हात वर केला. चेंडू त्याच्या करंगळीला लागला होता. सामना तिथेच संपला. पापनाशमच्या लोकांनी आमच्यासाठीच जास्त टाळ्या वाजवल्या. हरणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायला कुणाचंच काही जात नाही.

परतीच्या बसमध्ये सांबशिव माझ्याशेजारी बसला होता. अय्यमपेट्टै आलं तेव्हा मी म्हटलं, "एका सामन्यानं काय होतं?"

"नटराजनं माझ्याकडे बघितलं, ते बघितलंस?" तो म्हणाला. आणि मग सांगू लागला.

पालेर्मोत सात दिवस त्यानं पोहे, दही, पाव आणि लिंबांवर काढले. लिंबं तिथे नारळाएवढी. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या रस्त्यावर मिळायच्या. तळण्याआधी पीठ कालवताना बघून त्यानं त्या खाल्ल्या. आठव्या दिवशी, परतायच्या आदल्या दुपारी, बंदराजवळ एक म्हातारी कढईत गोल, सोनेरी काहीतरी तळत होती. यानं बोट दाखवलं. ती म्हणाली, "रीझो." हा शब्द त्याला हॉटेलात कळलेला होता. रीझो म्हणजे तांदूळ. भाताचा बोंडा! घर सोडल्यापासून पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसलं, असं त्याला वाटलं. पहिला घास केशरी भाताचा, मध्ये एक-दोन वाटाणे. दुसऱ्या घासाला मधला भाग लागला. त्यात खिमा होता.

"नकळत झालं की रे," मी म्हणालो. "मामींनी त्याची सोय करूनच पाठवलंय. सांगून टाक."

"अर्धा नकळत झाला."

"आणि उरलेला?"

"म्हातारी माझ्याकडे बघत होती. आईच्याच वयाची. हाताला पीठ, कपाळाला पीठ. कसा झालाय, असं हातानं विचारलं तिनं. मला थुंकता येईना, फेकता येईना." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "उरलेला मी कळून खाल्ला."

बसनं पसुपतिकोविल मागे टाकलं.

"सांगितलं तर श्राद्ध चुलतभावाच्या हातून होईल," तो म्हणाला. "ते सोड. पण आई मामांशी भांडली माझ्यासाठी. आता सगळ्या गल्लीत तिची मान खाली जाईल. नाही सांगितलं, तर कुणाला दिसलंय?"

इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडे अशा वेळी पुष्कळ दाखले असतात. एकही उपयोगाचा नव्हता.

श्राद्धाला आठ दिवस उरले असताना आमच्या मराठी मंडळानं त्याचं व्याख्यान ठेवलं. मंडळाची पाटी देवनागरीत. ती वाचू शकणारे गल्लीत चौघेजण. त्यामुळे व्याख्यानाची सूचना तमिळमध्ये लावली होती, विषय इंग्रजीत दिला होता आणि 'कृपया मराठीतच प्रश्न विचारावेत' असं खाली तमिळमध्ये लिहिलं होतं. पंचावन्न माणसं आली. अध्यक्ष कृष्णाजी मामा. पहिल्या रांगेत, सणावारासाठी जपून ठेवलेली साडी नेसून, भागीरथी मामी.

सांबशिव छान बोलला. शहराच्या पाठीशी एकच डोंगर कसा उभा आहे, मुख्य चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार राजांचे पुतळे कसे आहेत. ("नुसते चारच?" मागून कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे राजे भरपूर.) मैदान समुद्राच्या इतकं जवळ की जोराचा वारा आला की चेंडू बेटाबाहेर जाईल अशी भीती. आपला संघ नववा आला. संघ किती होते, ते त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं: नऊ.

मग प्रश्न. निवृत्त तहसीलदार सेतुमाधवराव उठले. "ते सगळं सरि, ठीक. पण खायचं काय केलंस?"

सभा पहिल्यांदाच पुढे सरकून बसली. सांबशिव पोह्यांबद्दल बोलला, लिंबांबद्दल बोलला. लोक माना डोलावू लागले. मामा समाधानानं बहिणीकडे वळून म्हणाले, "शब्द पाळला बरं का तुझ्या मुलानं."

मामी सांबशिवकडे बघत होत्या.

सांबशिवचं वाक्य अर्धवट राहिलं. त्यानं उजवा हात सरळ वर केला. काय चाललंय ते कुणाला कळेना. सेतुमाधवरावांना वाटलं, त्याला पाणी हवंय. मागे बसलेल्या नटराजला मात्र कळलं. तो उठून उभा राहिला.

मग सांबशिवनं म्हातारीचं सांगितलं. पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा, दोन्ही.

"अय्यो," मामा म्हणाले. "भागू, ऐकलंस?"

"मला तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी, बोंडे केले तेव्हाच कळलं," मामी म्हणाल्या. "घरचा बोंडा कोण फोडून बघतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा. हा पोरांना तेच शिकवतो ना?" मग त्या मुलाकडे वळल्या. "सांबू, आत वाटाणे होते?"

"होते."

"मग पहिल्या घासालाच कळायला हवं होतं. भाताच्या बोंड्यात वाटाणे घालतं का कुणी?"

श्राद्ध एकोजीनं केलं, म्हणजे चुलतभावानं. सांबशिव ओसरीवर भिंतीला टेकून उभा होता. आतून मंत्र ऐकू येत होते. वडिलांचं नाव आलं तेव्हा त्यानं खाली पाहिलं. मी शेजारी उभा होतो, पण तिथे माझं काम नव्हतं. पुढे मामांनी सांगितल्याप्रमाणे तिरुवैयारूला कावेरीत स्नान, पंचगव्य, सगळं झालं. गल्लीत पंधरा दिवस चर्चा झाली. मग सेतुमाधवरावांच्या पुतण्यानं तमिळ नाटक कंपनीत नोकरी धरली आणि लोकांना नवा विषय मिळाला. कृष्णाजी मामा मात्र बहिणीकडे महिनाभर आले नाहीत. त्या महिन्यात मामी त्यांच्या दारावरून देवळात जाताना मान खाली घालून गेल्या नाहीत, हेही मी पाहिलं.

प्रायश्चित्तानंतरच्या रविवारी मामींनी मला बोलावलं. "वेंकटेश, बोंडे केलेत, ये." सांबशिवच्या पानात त्यांनी पहिला बोंडा वाढला. त्यानं तो उचलला, क्षणभर दोन्ही हातांत धरला, आणि न फोडता सरळ मोठा घास घेतला.

"फोडून बघायचास," मामी म्हणाल्या. "आत वाटाणे घातलेत."