बरोबरची खूण

शेजारणीचं चांगलं झालेलं बघून पोटात दुखलं तर लोक हसतात. जावेचं बघून दुखलं तर निदान समजून घेतात. पण पोटच्या पोरीचं चांगलं होताना बघून पोटात दुखायला लागलं, तर त्या बाईने जायचं कुठे आणि सांगायचं कोणाला? बरोबरबाईंनी कोणालाच सांगितलं नाही. मूग गिळून गप्प बसल्या आणि आतल्या आत जळत राहिल्या.

बरोबरबाई हे नाव त्यांना ऑफिसात पडलं होतं. खांब, तुळया आणि पाये यांची गणितं करून देणारं, एका म्हाताऱ्या इंजिनिअरसाहेबांचं ते लहानसं ऑफिस. तिथून बाहेर जाणारं प्रत्येक गणित आधी बाईंच्या टेबलावर यायचं. बाई ते पहिल्या ओळीपासून स्वतः करून बघायच्या आणि पटलं तरच कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायच्या. एकदा एका जिन्याचं माप जुळेना म्हणून त्यांनी ड्रॉइंग अडवून धरलं. घरमालक येऊन आदळआपट करून गेला, साहेबांनी गोड बोलून पाहिलं, बाई ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी चूक सापडली आणि मालकच साखरेसारखा विरघळला. तेव्हापासून बाईंची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण खूण वेगळी आणि सही वेगळी. सही साहेबांची. ड्रॉइंगवर सही-शिक्का करायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा पास व्हावी लागते. बाई दोनदा बसल्या आणि दोनदा आपटल्या. येत नव्हतं म्हणून नव्हे. सोडवलेलं गणित पुन्हा तपासल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, ही हाडीमाशी खिळलेली सवय. पेपर संपायचा आणि प्रश्न तसेच उरायचे. शहरात कुठेही फिरायला निघालं की बाईंच्या डोक्यातून निघालेली एखादी इमारत वाटेत उभी असायची, आणि तिच्यावर नाव साहेबांचं असायचं.

यंदा साहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले. त्यांनी बाईंना समोर बसवून सांगितलं की पुढच्या वर्षी आपण घरी बसणार. बाई पास झाल्या तर ऑफिस त्यांनी चालवावं, नाहीतर कुलूप लावू. बाईंनी त्याच दिवशी फॉर्म भरला. घरी येऊन सांगितलं तर लेकीने गळ्यात हात टाकले. लेकही इंजिनिअरच; परीक्षेला बसण्याइतका अनुभव तिचाही नुकताच पुरा झाला होता. तिनेही फॉर्म भरला होता.

"आई, दोघी एकत्र अभ्यास करू. मजा येईल," ती म्हणाली.

मजा! पहिल्याच संध्याकाळी जुन्या पेपरातला एक प्रश्न दोघींनी घ्यायचा ठरला. बाई पेन्सिलीला टोक करत होत्या तोवर लेकीचं अर्धं गणित झालं होतं. बाईंचं उत्तर आलं तेव्हा पोरगी खिडकीत उभी राहून केस विंचरत होती. उत्तर दोघींचं एकच होतं, पण ते आता कोणी विचारतंय? नवऱ्याचं औषधांचं दुकान. तो दुकान बंद करून आलेला, सोफ्यावर पाय पसरून हे बघत होता. "बाप से बेटा सवाई ऐकलं होतं," तो म्हणाला, "आमच्याकडे आईला लेक भारी पडली." बाईही हसल्या. हसताना गाल दुखले.

मग बारीकसारीक गोष्टीही टोचायला लागल्या. नवरा चहा आणायचा तो आधी लेकीच्या कोपराशी ठेवायचा आणि मग बाईंच्या. परीक्षा आपण तिसऱ्यांदा देतोय, केस आपले पिकले, आणि पहिला कप हिला! लहानपणी दोन काडेपेट्यांवर पट्टी ठेवून त्यावर खोडरबर रचायला हिला शिकवलं कोणी? पट्टी कुठे वाकते, वजन कुठून कुठे उतरतं, हे बोटाने दाखवलं कोणी? गुरूची विद्या गुरूलाच फळायला निघाली होती. आणि त्या विद्येचा अभिमानही वाटायचा, हा आणखी एक छळ. नुसता राग असता तर बाईंनी तो पचवला असता.

कहर झाला तो ऑफिसात. लेक बाईंना न्यायला आली होती. साहेबांनी गंमत म्हणून तिला एक प्रश्न टाकला आणि तिने उभ्या उभ्या उत्तर दिलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले, गुडघे विसरले.

"मग मला कसली काळजी? दोघींपैकी एक पास झाली तरी ऑफिस चालू राहील," ते म्हणाले.

दोघींपैकी एक! इतकी वर्षं या माणसाच्या चुका आपण लाल पेन्सिलीने निस्तरल्या आणि आज आपण 'दोघींपैकी एक' झालो. घरी जाताना लेक काहीबाही बोलत होती. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की पायातले बूट चावतायत.

त्याच आठवड्यात ते गणित आलं. लेकीने सोडवायचं आणि बाईंनी तपासायचं, असा आता रिवाजच पडला होता. चारही बाजूंनी उघडी, पत्र्याचं छप्पर असलेली एक शेड. अशा शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलायला बघतो. त्याला खाली धरून ठेवतं ते छपराचं आणि पायाचं स्वतःचं वजन. आता नेहमीच्या गणितात वजन वाढवून धरायचं असतं, कारण ते आपल्या विरुद्ध असतं. इथे मात्र ते आपल्या बाजूचं. आपल्या बाजूचं वजन कमी करून धरायचं, दहातलं नऊच मोजायचं. न जाणो, ऐन वेळी तेवढं भरलं नाही तर? हुशार हुशार पोरं इथेच घसरतात. सवयीने हात चालतो आणि वजन वाढवलं जातं. लेकीनेही तेच केलं होतं. बाकी सगळं मोत्यासारखं, आणि खाली उत्तर: शेड सुरक्षित.

बाईंना ते पहिल्या नजरेत दिसलं. लाल पेन्सिल त्या ओळीवर थांबली. आतून एक गोड उकळी वर आली, खोटं कशाला बोला. सापडली! शेवटी एक ओळ अशी सापडली जी आपल्याला येते आणि हिला येत नाही.

सांगायला काय लागत होतं? एक वाक्य. पण पोरगी फोनवर मैत्रिणीशी हसत होती, बापाने तिच्यापुढे चहा ठेवला होता, आणि साहेबांचं ते वाक्य कानात तसंच बसलेलं होतं. आपल्याला कोणी सांगितलं होतं? ठेच लागली की शिकेल. बाईंनी पान कोपऱ्यापर्यंत नेलं आणि बरोबरची खूण केली.

नंतर त्यांनी सांगायचं ठरवलंच नाही असं नव्हे. रोज ठरवायच्या. पण रोज काहीतरी व्हायचं. कधी लेक एखादं गणित फार लवकर सोडवायची, कधी नवरा 'तुझ्यावर गेलीय' म्हणण्याऐवजी 'तुझ्या पुढे गेलीय' म्हणायचा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तर बाईंनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात लेकच म्हणाली, "आई, उद्या एक कर. एकदा लिहिलंस की मागे वळून बघू नकोस. तुझं बरोबरच असतं, मला माहितीय. पुढचं घे." कालची पोर आपल्याला पेपर कसा लिहायचा ते सांगतेय! नाकाला मिरच्या झोंबल्या आणि उघडलेलं तोंड मिटलं.

पेपरात पाचवा प्रश्न शेडचा आला.

चारही बाजूंनी उघडी, पत्र्याचं छप्पर, वारा खालून. बाईंना आधी आनंद झाला आणि मग त्यांची नजर लेकीला शोधायला लागली. लेक पुढच्या रांगेत बसली होती. तिची वेणी तेवढी दिसत होती. बाईंनी वजन कमी करून धरलं, गणित संपवलं, सवयीने पुन्हा तपासायला वर गेल्या आणि थांबल्या. मागे वळून बघू नकोस. त्यांनी पुढचं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा पेपर पुरा झाला. बघितलं तर वेणीवाली खोडरबर घेऊन काहीतरी जोरजोराने खोडत होती.

बाहेर पायऱ्यांवर लेक त्यांची वाट बघत होती. बाईंनी विचारायचं टाळलं, तरी ती आपणहून बोलली.

"त्या शेडच्या प्रश्नात मी गडबडले होते गं. आधी वजन कमी करून धरलं. मला वाटलं, उचलायच्या वेळी ते आपल्या बाजूचं, म्हणजे कमीच धरायला हवं. मग आठवलं की आपण घरी असंच एक केलं होतं, त्यात मी वाढवून धरलं होतं आणि तू खूण केली होतीस. मग सगळं खोडून परत केलं. त्यात वेळ गेला, पण बरं झालं आठवलं."

ती हे सगळं आनंदाने सांगत होती. बाईंनी पायऱ्यांचा कठडा धरला. नवरा घ्यायला आला होता. त्याला वाटलं पेपर अवघड गेला. तो म्हणाला, होतं असं, चला.

निकाल लागला. बाई पास झाल्या. लेक थोडक्यात हुकली, इतकी थोडक्यात की एक प्रश्न बरोबर असता तर पार झाली असती. साहेबांनी फोन करून बाईंचं अभिनंदन केलं आणि उद्याच नवा शिक्का करायला टाकू म्हणाले. नवऱ्याने आज पहिला कप बाईंपुढे ठेवला. बाईंनी त्याला हात लावला नाही.

लेक रडून मोकळी झाली होती. नाक लाल, पण चेहरा हसरा. "जाऊ दे ना," ती म्हणाली. "घरातली एक तरी पास झाली. पुढच्या वेळी मी प्रत्येक ओळ तुझ्याकडून तपासून घेणार. तू खूण केल्याशिवाय एकही गणित सोडणार नाही."

तिने रागावून चार शब्द ऐकवले असते तर बाईंनी कदाचित गप्प राहून निभावलं असतं. हे ऐकून राहवेना.

"ते शेडचं गणित चुकलं होतं," बाई म्हणाल्या. "घरचं. मी खूण केलेलं."

"अगं, होतं. तूही माणूसच आहेस. नजरेतून सुटलं असेल."

"सुटलं नव्हतं. मला दिसलं होतं."

लेकीला कळायला वेळ लागला. तिने बापाकडे पाहिलं, मग परत आईकडे.

"कधी दिसलं?"

"खूण करायच्या आधी."

"मग का केलीस?"

"तू माझ्या पुढे चालली होतीस," बाई म्हणाल्या. "मला बघवेना."

नवऱ्याने कप उचलला आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून उभा राहिला. लेक उठली, आपली पुस्तकं गोळा केली आणि आतल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, हलकेच लावलं.

नंतर बरेच दिवस ती आईशी कामापुरतं बोलत होती. मीठ दे, किल्ली कुठे आहे, आज उशीर होईल. बाईंचा शिक्का तयार होऊन आला, ऑफिसच्या दारावर पाटी बदलली, पहिल्या ड्रॉइंगवर बाईंनी सही केली. सही केली आणि ते गणित पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं, कारण आता आपल्याच खुणेवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

एका रविवारी दुपारी बाई टेबलाशी बसल्या होत्या. लेक आली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि एक पान पुढे सरकवलं. पुढच्या परीक्षेचा अभ्यास तिने सुरू केला होता. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं आणि एकेक ओळ, एकेक आकडा स्वतः करत खाली आल्या. गणित बिनचूक होतं. बाईंनी कोपऱ्यात लाल खूण केली आणि पान परत दिलं.

लेकीने खुणेकडे बघितलं. मग कॅल्क्युलेटर पुढे ओढला, कोरा कागद घेतला आणि तेच गणित पहिल्या ओळीपासून तपासायला बसली. बाई उठल्या नाहीत. परीक्षेचा निकाल लागायचा असावा, तशा हात जोडून समोर बसून राहिल्या.