तीन स्प्रिंगा

धाकट्याने गिटार माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, ब्रिज बदलून दे. आतले आटे गेलेत. वाजवता वाजवता सूर हलवायचा दांडा हातात येतो."

पुढच्या आठवड्यात त्याचा बँड दौऱ्यावर निघणार होता. गावोगाव कार्यक्रम म्हणजे सोबत वाद्यं सांभाळणारं कुणीतरी लागणारच. दुरुस्तीचं हे दुकान मी एकटीने चालवते, त्याची पहिली गिटारही मीच जुळवून दिली. मला सोडून तो विचारणार कुणाला? आज विचारेल, असं मी धरूनच चालले होते. पण तो स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि दौऱ्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

मी गिटार पालथी घालून पाठचं झाकण काढलं. तारा ज्यात अडकवतात आणि दांड्याने जो हलतो, त्या ब्रिजला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा तिथे असतात. मी नेहमी पाच लावते. आत तीनच होत्या, कडेच्या दोन तिरक्या, आणि त्या झणझणू नयेत म्हणून खाली मऊ कापडाची नीट कातरलेली पट्टी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काम चांगलं होतं, तेच जास्त झोंबलं. गबाळं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

"कुठे दाखवली होतीस?"

"कुठे नाही गं."

"मग दोन स्प्रिंगा काय आपोआप गळून पडल्या?"

तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. म्हणजे दौऱ्यासाठी कारागीर सापडला होता तर! मी मनातल्या मनात त्याला उभासुद्धा केला: गोड बोलणारा, महागड्या हत्यारांची पेटी मिरवणारा, आणि माझा भाऊ त्याच्यापुढे मान डोलावतोय. माझं तोंड सुटलं. "आजकाल कुणीही उठतो आणि कारागीर होतो," मी म्हणाले. तारा काढल्या, जुना ब्रिज सोडवला, नवा बसवला. कापडाची पट्टी टोपलीत फेकली. पाचही स्प्रिंगा लावून ब्रिज लाकडाला घट्ट टेकवला. "त्या दीडशहाण्याला सांग, माझ्या हातची गिटार सूर सोडत नाही."

धाकट्याने तारा जुळवल्या, गिटार स्पीकरला जोडली आणि त्यांच्या नव्या गाण्याचा तुकडा वाजवला. शेवटच्या सुरावर त्याने दांडा वर ओढला. सूर जागचा हलला नाही.

"ताई, हा वर न्यायचा असतो. ब्रिज टेकलेला असला की सूर नुसता खाली जातो, वर जातच नाही."

"मग जा ना त्याच्याकडेच! माझ्या दारात कशाला आलास?"

"कुणाकडे? मीच केलं होतं ते."

मी टोपलीतल्या पट्टीकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "गाडीत आम्ही पाचच जण मावतो. म्हणून सगळ्यांच्या गिटारी मीच बघणार आहे. तुझं बघून बघूनच शिकलो."

मग त्याने दिवा जवळ ओढला आणि माझाच स्क्रूड्रायव्हर उचलला. दोन स्प्रिंगा काढल्या. तारांच्या ओढीने ब्रिज वर आला, तसे त्याने स्प्रिंगा ताणणारे पाठचे स्क्रू जरासे आवळले. पुन्हा तारा जुळवल्या, पुन्हा जरासे आवळले. घाई नाही, धुसफूस नाही. ब्रिज नाण्याच्या जाडीएवढा उचललेला राहिला, तेव्हा थांबला. किती फिरवू, हे विचारायला त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्या परक्या कारागिराशी मी दोन हात केले असते. ह्याच्याशी काय भांडायचं? ह्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता, आणि तो बघताना माझा नुसता जळफळाट होत होता.

त्याने पुन्हा तो तुकडा वाजवला. सूर वर गेला, थरथरला आणि बरोबर जागेवर परत आला.

"एवढं सगळं येतंय," मी म्हणाले, "तर ब्रिज तूच बदलायचास. गिटार माझ्याकडे आणलीस कशाला?"

झाकणाचा शेवटचा स्क्रू बसवता बसवता तो म्हणाला, "नसती आणली तर तू रुसली असतीस."