बटणाचं आतलं नाव

आबा पहिल्या एसटीनं जतहून सांगलीला आले, ते थेट लेकीच्या स्टँडमागच्या कॉम्प्युटरच्या गाळ्यात. खांद्यावर टॉवेल, हातात फडक्याची दोन गाठोडी. एक लेकीचं, एक तिच्या भागीदाराचं, अनीशचं. दोन्हींत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दर महिन्याला अशीच दोन यायची, दोन्ही सारखीच जड.

पण आज पाणी प्यायच्या आधीच ते बोलले. "आमू, टँकर न्हाई आला. तीन पाळ्या झाल्या."

आम्रपालीचा हात माऊसवर तसाच राहिला.

सत्त्याण्णवचा मे. तिनं आणि अनीशनं मिळून जतच्या तालुका कचेरीला टँकरचा प्रोग्रॅम करून दिला होता. पडद्यावर बेचाळीस बटणं, एकेका गावाचं, एकेका वस्तीचं. ज्याची पाळी त्याचं बटण बाबूनं दाबायचं, प्रिंटरमधून चिठ्ठी निघायची, ती घेऊन ड्रायव्हरनं टँकर हलवायचा. चिठ्ठी नाही तर पाणी नाही. त्याआधी या चिठ्ठीसाठी तिच्या वस्तीची, सिद्धार्थनगरची माणसं कचेरीच्या पायरीवर दिवस दिवस उन्हात बसायची. आम्रपालीनंच त्यांना उठवलं होतं. "आता बसू नका. बटण कुणाचं तोंड बघत नाही," म्हणाली होती. त्या दिवशी म्हाताऱ्या धोंडुबाईनं दारात बसून ओवी जुळवली होती:

लेक दाबीते बटन, तिकडं दूर सांगलीला
पानी येतंया चालत, माझ्या दारी रांगोळीला

"बाबूनं माझ्या म्होरं दाबलं की," आबा सांगत होते. "बटन आत गेलं, वर आलं. मशिन गप. शेजारच्या गावाचं दाबलं, तर चिठ्ठी फर्रर्र करून भाईर. मला म्हनतो कसा, तुमच्याच लेकीनं केलंय न्हवं? तिलाच इचारा."

"वस्तीवर काय म्हणतात, आबा?"

आबांनी टॉवेलनं मान पुसली. दोनदा पुसली. "धोंडुबाई म्हनती, शिकली आन इसरली."

आम्रपालीनं प्रोग्रॅम उघडला. सिद्धार्थनगरच्या बटणावर दोनदा टिचकी मारली. क्लिक झाल्यावर काय करायचं ते जिथं लिहितात, ती जागा कोरी. वरची ओळ होती, खालची ओळ होती, मधलं घर रिकामं. तिच्या हातच्या बारा ओळी कुठं गेल्या? शोधल्यावर सापडल्या. एका कोपऱ्यात पडून होत्या, धडधाकट पण पोरक्या. त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

असं का होतं, ते तिला ठाऊक होतं. साताऱ्याच्या कोर्सला एका कॉम्प्युटरवर दोघं बसायची तेव्हा अनीशनंच शिकवलं होतं. वाईच्या घरातला, गोड जिभेचा, तिच्या डब्यातली चटणी बोटानं पुसून खाणारा अनीश. "बटणाला दोन नावं असतात. एक कपाळावरचं, लोकांनी वाचायचं. एक आतलं, मशीननं हाक मारायचं. आतलं बदललंस की कोड तुटला. बटण दबतं, पण ऐकत नाही कुणी."

तिनं आतलं नाव पाहिलं.

कपाळावर सिद्धार्थनगरच होतं, तिनं निवडलेल्या टपोऱ्या मराठी अक्षरांत. आत मात्र इंग्रजी अक्षरांत जुनं नाव होतं. ज्या नावानं गावातले लोक लांबूनच हाळी द्यायचे, जे छप्पन साली दीक्षा घेताना वस्तीनं कायमचं टाकून दिलं, ते नाव. तेव्हा आबा तेरा वर्षांचे होते.

"काय लिवलंय गं त्यात?" आबांनी मान पुढं केली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"काही न्हाई, आबा. मशीनचं काहीतरी."

फाईल दोघांकडेच होती. मागच्या खेपेला ती तापानं पडली, तेव्हा कचेरीत एकटा अनीश गेला होता.

तो चहाची किटली घेऊन आत आला. "आबा! कधी आलात?" म्हणत वाकला, आणि पडद्याकडं बघून तसाच थांबला.

"हे तू केलंस?" आबा पाणी प्यायला मागं गेल्यावर आम्रपालीनं हळूच विचारलं.

"अगं, बाबू अडून बसला होता. त्याच्या यादीत जुनंच आहे. यादीसारखं करा, नाहीतर सही नाही, म्हणाला. म्हटलं, वर तुझं राहू दे, आत त्याचं घालू. दोघंही खूश."

"आणि कोड?"

"परत जोडणार होतो. घाईत राहिलं."

"टेस्ट केलं होतंस?"

अनीश कपात चहा ओतत राहिला. "एकेचाळीस केली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"चिडली असतीस. इतकं काय त्यात? आतलं नाव कोण बघतं गं?"

तिला एवढंच कळेना, की चार वर्षं हा आपल्याला कुठल्या नावानं हाक मारत होता. वर आम्रपाली, ते तिनं ऐकलं होतं. आत?

तिनं जुनं नाव खोडलं. एकेक अक्षर, मागून पुढं. नवं टाईप केलं, तशा त्या बारा ओळी कुणी बोलावल्यासारख्या बटणाखाली येऊन उभ्या राहिल्या. मशीनला तेवढं पुरलं. तिनं फ्लॉपी भरून घेतली, आणि जाताना दोन्ही गाठोडी उचलली.

"मी येतो ना," अनीश म्हणाला.

"नको."

"आम्रपाली, माझं ऐक तर..."

ती आबांना घेऊन बाहेर पडली. चहा कपातच राहिला.

दुपारी कचेरीत बाबूनं बटण दाबलं. प्रिंटर किरकिरला, चिठ्ठी आली: सिद्धार्थनगर, एक फेरी. बाबूनं यादीकडं पाहिलं, आम्रपालीकडं पाहिलं, आणि शिक्का मारला. कोंडीबा ड्रायव्हर सकाळपासून उपाशी होता. तिनं त्याच्या हातात चिठ्ठी दिली, वर एक गाठोडं ठेवलं.

"आगं, ती भाकर अनीशची हाय," आबा म्हणाले. "लय गुनाचं पोर. त्याला न्हाई व्हय ठेवायची?"

आम्रपाली टँकरच्या केबिनमध्ये चढली. आबांना हात देऊन वर घेतलं.

"त्यानं लय खाल्लंय आपलं, आबा," ती म्हणाली. "कोंडीबा, चला."