राहीनं जोत धरलं

लग्न होऊन त्या वाडीत आले तेव्हाच आमच्या सासूबाईंनी, हौसाबाईंनी, मला एक गोष्ट सांगून ठेवली होती.

"बाय, शेजारची वरडत असली तर भाकऱ्या थापत ऱ्हा. वरडायची थांबली का तवा उतरव नि धाव."

मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए. झालेली. म्हटलं, आई, हे उलटंच झालं. ओरडतंय माणूस तेव्हाच नको का धावायला? त्या म्हणाल्या, मग दिसाआड धावशील, पायाच्या काड्या होतील. मी हसले नि तवा चुलीवर टाकला. जुन्या बायकांचं बोलणं, एवढंच मला वाटलं.

शेजारी म्हणजे दगडी गडग्यापलीकडे राहीचं घर. तिचा घो रघू मुंबईला गिरणीत. वर्षातनं गणपतीला नि शिमग्याला यायचा, पोरीला फ्रॉक आणायचा, घराची कौलं शाकारायचा नि परत जायचा. मधल्या महिन्यांत मळा, गुरं, पोर सगळं राहीच्या अंगावर. कधी कुरकुर ऐकली नाही. मग गिरण्यांचा संप लागला. पहिले काही महिने रघू चाळीत वाट बघत बसला, मग वळकटी उचलून गावी आला. आता मिटंल, मग मिटंल, करता करता दुसरा पावसाळा उगवला. हाताला काम नाही, गावात पत नाही. सकाळपासून काजूची दारू. संध्याकाळी बायको.

आधी मी मोजत असे, आज का मारलं. आमटी खारट झाली, बैल सुटला, हसली, हसली नाही. मग मोजायचं सोडलं. माझं बाळ तेव्हा नुकतं रांगायला लागलेलं. पलीकडे काही आपटलं की इकडे झोळीत दचकायचं.

आमच्याकडे बाई शेतातलं सगळं करते. शेण वाहते, राब भाजते, लावणी करते, कापते, झोडते. पण जोताला हात लावत नाही. नांगराची मूठ नि बैलाचा कासरा पुरुषाच्या हातात. बाईनं जोत धरलं की पाऊस पाठ फिरवतो, असं म्हणतात. म्हणून इतकी वर्षं राहीचा मळा वरच्या घरचा दादू नांगरून द्यायचा नि त्या बदल्यात राही त्याची लावणी करायची. दादू तसा मुका नव्हे, पण मुक्यासारखाच. त्या वर्षी रघूनं चारचौघांत सांगितलं, दादूनं माझ्या मळ्यात पाय घातलान तर तंगडी मोडीन. नऊ वर्षं परक्यानं का म्हणून नांगरलं, ते मला कळतंय, असंही म्हणाला. दादूनं खाली मान घातली नि जोत आपल्या खाचरात वळवलं.

आषाढ लागला. पाऊस धोधो पडत होता, पऱ्या भरून वाहत होता, सगळ्यांची लावणी उरकत आली. राहीचा तरवा वाफ्यातच. रोपं वाढून पिवळी पडायला लागली. राही गडग्याशी येऊन उभी राहिली, डोक्यावर इरलं, एका डोळ्याखाली काळंनिळं.

"वैनी, तरवा ढोपराला लागला. आता आठवडा गेला तर गुरांना घालायचा."

मी म्हटलं, रघूभावजींना नीट सांगून बघ, सकाळी शुद्धीत असतील तेव्हा.

ती म्हणाली, "घो निजलाय. जोत उबं हाय, बैल उबं हायत. मग मीच काय म्हणून उबी ऱ्हाव?"

मला वाटलं बोलून मोकळी झाली. पण ती गोठ्यात गेली, बैल सोडलेन, नि सात-आठ वर्षांच्या पोरीला, सगुणेला, पुढं घालून मळ्यात उतरली. मी बाळाला कडेवर घेऊन गडग्यावर चढून बघत राहिले.  राहीनं कासोटा घट्ट मारला, मूठ धरली नि बैलांना हाळी दिली. बैल तिच्याच हातची वैरण खाणारे, त्यांना कसला आलाय विटाळ. ते चालायला लागले. पहिली तासं वाकडीतिकडी गेली. फाळ वर यायचा, ती पडायची, चिखलानं तोंड भरायचं, पुन्हा उठायची. बांधावरनं दादू चालला होता. थांबला. मला वाटलं आता हा बोंब मारणार.

"मूठ दाब," एवढंच म्हणाला, नि तोंड फिरवून चालता झाला.

दुपार टळेपर्यंत चिखल झाला. मी नि सखू, आमच्या मागल्या घरातली, दोघी लावणीला गेलो. सासूबाई बाळाला घेऊन बांधावर बसल्या. राही लावता लावता गात होती. तिचा आवाज इतका चांगला आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

रघूला संध्याकाळी कळलं. पण त्या दिवशी तो काही बोलला नाही. मळा लागलेला बघून बरंही वाटलं असेल. मार पडला नाही. निभावलं, असं मला वाटलं, नि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं.

उघडीप आषाढात पडतेच. एक-दोन दिवस घोंगड्या वाळतात, लोकांना बरं वाटतं. पण ही उघडीप हलेना. कातळ तापला. वरच्या खाचरांतला चिखल भेगाळला, लावलेली रोपं मान टाकायला लागली. राहीचा मळा पऱ्याच्या काठाला, तेवढा ओला राहिला. तेच वाईट झालं. सगळीकडचं पाणी तिनं ओढून घेतलंन, असं बोलायला लागले. विहिरीवर ती गेली की बायका हंडे उचलून निघायच्या. सखूसुद्धा माझ्याशी चोरून बोलायला लागली.

गावकीनं देवीला कौल लावला. देवीच्या दोन खांद्यांवर कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, नि कुठली पडते ते बघायचं. डावी पडली. म्हणजे गावात कुणाकडनं तरी विटाळ झालाय. आमच्या गावकीचा मानकरी, गावकर काशीराम, रघूकडे वळून म्हणाला, तुझ्या घरात जोत कोण धरतंय रे हल्ली? लोक हसले. कुणी म्हणालं, रघू, लुगडं नेसून लावणीला ये, गिरणीपेक्षा बरं. हे सगळं दादूनं सासूबाईंना दारात उभ्याउभ्या सांगितलं, नि सांगून झाल्यावर म्हणाला, जपा.

भर दुपार होती. मी बाळाला झोळीत घालत होते, सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. पलीकडे सुरू झालं. नेहमीसारखं नव्हतं. आधी काठीचा आवाज, मग भांडी, मग सगुणा आईला सोड, आईला सोड करत किंचाळली. राही मोठ्यानं ओरडली, आणखी मोठ्यानं, नि मग एकदम काही नाही. माझा हात झोळीच्या दोरीवर तसाच राहिला. बरं झालं, दमला वाटतं, असं माझ्या मनात येतंय तोच सूप जमिनीवर आपटलं. तांदूळ घरभर झाले. सासूबाई दाराबाहेर गेल्यासुद्धा होत्या. मी कुडातली कोयती ओढली नि त्यांच्यामागे गडगा ओलांडला.

पडवीत भात सडायचं दगडी व्हायन आहे, जमिनीत पुरलेलं. राहीला त्याच्याशी गुडघ्यांवर पाडलं होतं. उजवा हात व्हायनाच्या काठावर, मनगट रघूच्या पायाखाली. त्याच्या हातात मुसळ, लोखंडी कडी बसवलेलं. तिच्या हाताची बोटं कुठली नि तळवा कुठला ते कळत नव्हतं. दगडावरनं रक्त व्हायनाच्या खळग्यात उतरत होतं. तोंडातनं आवाज नाही, डोळे उघडे. रघू शांतपणे बोलत होता, लहान मुलाला शिकवावं तसा.

"आता धर जोत. धर बघू."

नि मुसळ परत वर गेलं.

सासूबाई सरळ त्या मुसळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. "घाल माझ्या टकल्यात. तुझी नाळ कापली ती मीच. तेव्हाच नख लावलं असतं तर बरं झालं असतं."

तो थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही. मी त्यांना ढकललं नि मुसळ माझ्या खांद्यावर आलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. कोयती कशी फिरवली ते मला सांगता येणार नाही. तिची बोथट पाठ लागली, त्याच्या ढोपराच्या वाटीवर, नि कडकन वाजलं. तो बसला. मग लोळायला लागला. मी दुसऱ्यांदा कोयती उचलली तेव्हा मात्र धार खाली होती. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"पुरे. तुला पोर हाय."

राहीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तर एस.टी.पर्यंत डोली करायला हवी. वाट डोंगरातली, पऱ्यावरच्या साकवावरनं. काशीराम अंगणात येऊन उभा राहिला. देवीच्या कौलातली बाब आहे, जो खांदा देईल त्याचं गावकी बघून घेईल, असं म्हणाला. एकही पुरुष पुढे आला नाही, नि माझे यजमान नोकरीच्या गावी होते. दादू एक लांब वासा घेऊन आला, आमच्या अंगणात टाकलान नि गेला. त्यालाच आम्ही घोंगडी बांधली. पुढे मी, मागे सखू, बाजूनं सासूबाई. सखू का आली ते तिला विचारलं नाही. सगुणा माझ्या बाळाला कडेवर घेऊन आमच्यापुढे चालत होती. डोलीत राही नि पुढे बाळ, मला दोन्हीकडे बघायचं होतं नि मार बसलेला खांदा तर उचलवत नव्हता. दर पाच पावलांना बाळाला हाक मारत होते.

साकवाच्या अलीकडे वारा फिरला. बघता बघता डोंगर दिसेनासा झाला नि सर अंगावर आली. नुसती सर नव्हे, कोसळला. मागनं देवळातली घंटा वाजायला लागली. ढोल वाजला. गडी माणसं देवीचा जयजयकार करत होती. विटाळ फिटला होता ना.

मी डोली टेकवली. हुंदका आला होता, पण त्या घंटेपुढे रडायची लाज वाटली. राहीच्या तोंडावर पाणी पडत होतं. तिनं डोळे उघडले.

"पडला काय?" तिनं विचारलं. "मळा तरला गो, वैनी."

हात मनगटापासून काढावा लागला. आम्ही फिर्याद दिली. साऱ्या गावानं सांगितलं, बाई व्हायनावर घसरून पडली. माझ्या खांद्याबद्दल कुणी विचारलंच नाही, उलट रघूच्या ढोपराबद्दल विचारलं. आमच्या कौलांवर दगड पडायला लागले. एक दगड बाळाच्या झोळीच्या हातभर अंतरावर पडला, तेव्हा माझे यजमान आम्हाला मिरजोळ्याला घेऊन आले, त्यांची नोकरी तिथल्या कारखान्यात. सासूबाईही आल्या. येताना त्यांनी घराकडे वळून बघितलं नाही.

राही सगुणेला घेऊन भावाकडे होती. भात पिकलं तेव्हा काशीराम नि रघू नारळ घेऊन तिला न्यायला गेले. देवीनं माफ केलंय, म्हणाले. रघू लंगडत होता. जायच्या आधी ती मला भेटायला आली. मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तुझ्यासाठी इथं काम बघते म्हटलं, सगुणेला शाळेत घालू म्हटलं.

ती म्हणाली, "भात माजं हाय, वैनी. मी लावलंय. तो कापून पिऊन टाकील. मी नाय तर कोण जाणार मग?"

आणि गेली. डाव्या हातानं विळा धरायला शिकते आहे, असं सखूनं एकदा बाजारात सांगितलं. त्यानंतर सखूही भेटलेली नाही. मला त्या वाडीत पाय ठेवायला गावकीची बंदी आहे, नि माझं दुसरं बाळ आता पोटात आहे.

तुमच्यापैकी कुणी संगमेश्वराकडनं देवरुखाला जात असाल, तर उंबरटेंकाच्या स्टॉपवर उतरा. साकव ओलांडलात की खालची वाडी, पऱ्याच्या बाजूचं घर. ओळख देऊ नका, माझं नाव तर काढूच नका. वाटसरू आहोत म्हणा नि पाणी मागा. तांब्या डाव्या हातानं पुढे आला तर राग मानू नका, पाणी प्या, नि मला कळवा. उजव्या हातानं आला तर पाणी दुसऱ्या कुणी आणलंय. मग पिऊ नका. घरात कोण कोण आहे ते विचारा, नि ती शेतावर गेलीय म्हणाले तर शेतावर जाऊन बघा.