हाकेच्या अंतरात

पंच दीड तास आधीच येऊन टपकला, तेव्हाच धाकटीचं डोकं फिरलं. काचा घासायच्या कारखान्याची ती गच्ची, जिना हा एवढासा अरुंद, आणि हा गृहस्थ दुर्बिणीची पेटी, तिवई, घडीचं स्टूल आणि बायको असं सगळं लटांबर घेऊन वर चढला. बायको म्हणजे धाकटीची थोरली जाऊ. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या, शिवाय काखेत थर्मास. पंचाने वर येताच गच्चीवर नजर फिरवली आणि धाकटीच्या स्टुलाचा पाय डुगडुगतोय असं जाहीर केलं. साधं 'कशी आहेस' म्हणायची पद्धत त्या घरात कधी नव्हतीच.

पंच हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर मोजणी खात्यात साखळ्या ओढल्या, आता पेन्शन खातोय आणि आकाश बघणाऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख म्हणून मिरवतोय. कुणी काय पाहिलं, कुणाचं खरं आणि कुणाचं बाद, हे तोच ठरवतो, म्हणून सगळे त्याला पंच म्हणतात, अर्थात पाठीमागे. तो धाकटीचा थोरला दीर. नवरा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून तिने या दिराच्या घराची पायरी चढलेली नव्हती. त्यालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या संध्याकाळी सात बेचाळीसला एक लघुग्रह एका ताऱ्याच्या समोरून जाणार होता. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती भटकणारा दगडच, एवढा लहान की दुर्बिणीतूनही दिसत नाही. पण तो ताऱ्याच्या आड आला की तारा पाच-सहा सेकंद विझतो, आणि ठिकठिकाणच्या लोकांनी तो कधी विझला, कधी पेटला हे बिनचूक टिपलं की त्या दगडाचा आकार काढता येतो. करायचं काय, तर डोळा दुर्बिणीला लावून बसायचं. शेजारी रेडिओवर सेकंदासेकंदाला टिकटिक चालू, रेकॉर्डर चालू. तारा विझला की 'गेला' म्हणायचं, दिसला की 'आला'. बाकी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

बारा वर्षांपूर्वी हाच दगड दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून गेला होता, आणि धाकटीच्या नवऱ्याने याच गच्चीवरून 'गेला, आला' असं एकदा नाही, दोनदा म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी तारा जेमतेम अर्धा सेकंद गेला. म्हणजे मोठ्या दगडाच्या सोबतीला एक लहान दगड फिरतोय. साधी गोष्ट नव्हती ती! त्या रात्री त्याने घरात अक्षरशः उड्या मारल्या होत्या. आणि सख्ख्या थोरल्या भावाने भर सभेत काय सांगावं? 'निरीक्षकाची पापणी लवली असावी. आमचा हा लहानपणापासून नसलेलं बघतो.' सगळे हसले. ती नोंद बाद झाली. त्यानंतर नवऱ्याने दुर्बिणीवर जी चादर टाकली ती मरेपर्यंत काढली नाही.

ती चादर धाकटीने काढली. नवरा गेल्यावर तीन वर्षं घालवून ती हे सगळं शिकली. दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी गच्चीवर तारे शोधायचे. लोक म्हणाले, बाई भ्रमिष्ट झाली. झाली असेल. तिला एवढंच हवं होतं, की तो लहान दगड पुन्हा एकदा दिसावा, तो कागदावर यावा आणि तिच्या माणसावरचा खोटेपणाचा डाग पुसला जावा. तो आज मध्ये येईलच याची काही खात्री नव्हती. मोठ्याच्या कुठल्या अंगाला असेल कुणास ठाऊक. पण आजची संधी हुकली तर हा दगड पुढची वीस वर्षं इथून कुठल्याच ताऱ्याच्या आड येणार नव्हता.

सगळ्यांच्या नोंदी गोळा करणारी एक बाई दुसऱ्या शहरात असते. तिने फोनवर धाकटीला सरळ सांगून टाकलं की पंचाने कळवलंय, 'आमची धाकटी काही दिसो न दिसो, दिसलं म्हणणारच, तेव्हा मी स्वतः तिच्या शेजारी बसणार.' ऐकून धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नको म्हणावं तर नोंद बाद करायला त्याला आयतं निमित्त मिळालं असतं. गंमत म्हणजे दोन निरीक्षकांनी हाकेच्या अंतरात बसायचं नाही, हा मंडळाचा चौथा नियम पंचानेच लिहिलेला. एकाने 'गेला' म्हटलं की दुसऱ्याच्याही तोंडून निघतं, डोळ्याआधी कान फसतो, म्हणून. बारा वर्षं त्याने हा नियम लोकांच्या डोक्यावर आपटला, आणि आज संशयापायी स्वतःच तो मोडून दहा पावलांवर दुर्बीण मांडून बसला.

"चौथ्या नियमाचं काय, भाऊजी?" तिने विचारलंच.

"तो प्रामाणिक लोकांसाठी आहे," पंच म्हणाला.

थोरली जाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. तिने चहा ओतून एक कप धाकटीपुढे धरला. धाकटीने तो घेतला नाही. जावेचं तिच्याशी तसं वाकडं नव्हतं, पण त्या सभेत हसणाऱ्यांत तीही होती.

साडेसातला दोघांनी रेडिओ लावले. बोलणं बंद. थंडी पायांतून वर चढत होती. धाकटीचा डोळा पाणावला, तिने तो मिटून पुसला आणि पुन्हा लावला. तारा मधोमध होता, फिकट आणि अगदी स्थिर.

सात बेचाळीस आणि अकरा सेकंदांना तारा विझला. 'गेला,' दोघं एकदमच म्हणाले. पाच टिकटिकी गेल्या, सहावीच्या आत तो परत पेटला. 'आला.' यात भांडायला काही नव्हतं. हा मोठा दगड, तो सगळ्यांनाच दिसणार होता.

आता खरी परीक्षा. धाकटी पापणी न लवता बघत राहिली. दहा सेकंद गेले. पंधरा गेले. मनात ती नवऱ्याला शिव्या घालत होती, तू दाखव ना रे, आता तरी दाखव. वीस झाले. आणि तारा गेला.

"गेला. आला."

दोन आवाज होते. पहिला तिचा नव्हता. ते शब्द आधी पंचाच्या तोंडून निघाले, स्वच्छ, खणखणीत, आणि तिचे त्यावर घासत मागून आले.

त्यानंतर आणखी दोन मिनिटं डोळा हलवायचा नाही, असा नियम. दोघांनी तो पाळला. रेडिओ टिकटिकत होता आणि दहा पावलांवरचा तो माणूस नाकाने जोरजोरात श्वास घेत होता. धाकटीला तिथल्या तिथे उठून त्याला हलवून विचारावंसं वाटत होतं. ती दात आवळून बसून राहिली.

वेळ संपली. पंचाने रेकॉर्डर बंद केला, फॉर्म मांडीवर घेतला, मोठ्या दगडाच्या वेळा लिहिल्या आणि पेनाचं टोपण लावलं.

"दुसरं?" धाकटी म्हणाली.

दुसरं कसलं, असं त्याने विचारलं. मग म्हणाला, तू ओरडलीस म्हणून माझ्या तोंडून निघालं असेल, चौथा नियम त्यासाठीच आहे. धाकटीने वाद घातला नाही. तिने आपला रेकॉर्डर मागे फिरवला आणि लावला. टिक, टिक, आणि मग पंचाचा आवाज. त्याच्यामागून तिचा. तिने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा जिन्यावरून जाऊ म्हणाली, "पुरे. मीही ऐकलंय. आधी तुम्हीच बोललात."

पंच बायकोकडे असा बघत राहिला की खाऊ की गिळू. पण मोजणीतला माणूस, लगेच सावरला. मग तर मिटलंच, म्हणाला. तू माझ्या मागून बोललीस, माझं ऐकून बोललीस. तुझी नोंद बाद.

"बाद," धाकटी म्हणाली. "लिहितेच तसं."

आणि तिने खरोखरच लिहिलं. आपल्या फॉर्मवर, त्याच्यादेखत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: चौथ्या नियमानुसार माझी दुसरी नोंद बाद धरावी. माझ्याआधी शेजारच्या निरीक्षकाने 'गेला, आला' म्हटलं. त्यांच्याआधी कुणीही बोललं नव्हतं. मंडळाचे प्रमुख आहेत, नोंद त्यांची धरावी. सोबत रेकॉर्डिंग.

वाचता वाचता पंचाचा चेहरा उतरला. तीन वर्षांची मेहनत ही बाई अशी हसत हसत फुंकून टाकेल, हे त्याच्या गणितात बसतच नव्हतं. "तुझं नाव कुठेही येणार नाही," तो म्हणाला. "नावच येणार नाही तुझं."

"मला नाव नकोय. तुमचं येऊ दे. ज्याला तुम्ही खोटं पाडलंत, त्याचे साक्षीदार म्हणून येऊ दे."

त्याला फाडायचाच म्हटला तर तिचा फॉर्म फाडता आला असता, पण रेकॉर्डर तिच्या मुठीत होता आणि साक्षीला त्याचीच बायको बसलेली. शेवटी त्याने टोपण काढलं. दुसरी वेळ लिहिली. मग खालचा रकाना आला: याआधी कुणी असं पाहिलं आहे काय, असल्यास नाव, तारीख, वेळ. तिथे पेन थांबलं. धाकटी टॉर्च धरून त्याच्या डोक्यावर उभी राहिली. रात्रभर उभं राहायची तिची तयारी होती.

त्याने भावाचं नाव लिहिलं. आडनावासकट, परक्याचं लिहावं तसं. धाकटी वही आणायला वळणार होती, कारण जुनी तारीख आणि वेळ वहीत होती. तेवढ्यात तिने बघितलं, तो लिहितच होता. कुणालाही न विचारता तारीख लिहिली. तास, मिनिटं, सेकंद, वर सेकंदाचा दहावा भागही.

"चुकलं," ती म्हणाली. नवऱ्याची ती वेळ तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखी पाठ होती. "चौदा पूर्णांक तीन. तुम्ही पंधरा पूर्णांक एक लिहिलंय."

पंचाने वर बघितलं नाही. "चौदा पूर्णांक तीन त्याची," तो म्हणाला. "मी त्या दिवशी धरणाच्या भिंतीवर होतो. दगडाची सावली तिथे जराशी उशिरा पोचते. ही माझी."

जिन्यावर थर्मासचं झाकण खाली पडलं आणि घरंगळत दोन पायऱ्या उतरलं. जावेने ते उचललं नाही.

मग तो एकटाच बोलत राहिला, फॉर्मकडे बघत. आपली पापणी लवली असं त्याला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. म्हणून त्याने नुसती मोठ्या दगडाची वेळ लिहिली आणि तिथूनच पाठवून दिली. तासाभराने धाकट्याचा फोन आला, दादा, दोनदा गेला रे तारा! पण पाठवलेली नोंद मागून बदलायची नाही, हा सातवा नियम होता आणि तोही याचाच. स्वतःच्या नियमाने तोंड बांधलेलं. तोंड उघडलं असतं तर सगळे म्हणाले असते, भावाचं ऐकून बदलली. मग पुढच्या सभेत बोलू, पुढच्या वर्षी बोलू, असं करता करता बोलायला माणूसच उरला नाही.

धाकटीला वाटलं होतं, हा दिवस आला की आपल्याला रडू येईल, हलकं वाटेल. कसलं हलकं! तिला त्या माणसाला धरून जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटत होतं. आठ वर्षं तिचा नवरा जेवताना मध्येच थांबून विचारायचा, अगं, खरंच लवली असेल का पापणी? आणि ती काय सांगणार होती? ती म्हणायची, लवली असेल, सोड आता. तीही तसंच म्हणायची. आणि ज्याला उत्तर माहीत होतं, तो चार गल्ल्या पलीकडे राहत होता.

"तो मला रोज विचारायचा," ती म्हणाली. "रोज."

पंचाने मान खाली घातली. क्षमा मागेल असं वाटलं, पण तिला ती नकोच होती. तिने टॉर्च कागदाच्या आणखी जवळ धरली.

"खोडा ते," ती म्हणाली. "त्याची वेळ आधी लिहा. तुमची खाली लिहा, आणि बारा वर्षं का नाही कळवली तेही लिहा."

त्याने खोडलं आणि लिहायला लागला. रकाना पुरेना, तेव्हा तिने आपला फॉर्म उलटा करून त्याच्यापुढे ठेवला.