जेवणाआधीचा कोर्तेझ

कडोलीच्या साहित्य संमेलनात जेवणाआधीची वेळ कुणालाच नको असते. मांडवामागं आमटी उकळू लागली, की माणसांचं नाक तिकडं आणि कान वाऱ्यावर. जयाबाईंच्या वाट्याला नेमकी तीच वेळ आली.

बेळगावच्या शाळेत त्यांनी तेहेतीस वर्षं इतिहास शिकवला. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सरदार कोर्तेझ हा त्यांच्या आवडीचा; पण तो धडा दरवर्षी 'परीक्षेला येत नाही' म्हणून गाळावा लागे. त्याची गोष्ट भरल्या मांडवात एकदा तरी शेवटपर्यंत सांगायची, एवढी एकच हौस सत्तरीनंतर उरली होती.

"ह्यो स्पेनचा पावणा हितं कुणाच्या वळखीचा, बाई?" संयोजक मारुतीरावांनी आधीच विचारलं होतं.

"ओळख करून द्यायलाच येतेय," बाई म्हणाल्या होत्या.

त्यांनी कागद उघडले. 'सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात...' दुसरं पान उलटेपर्यंत मागची रांग उठली. पुढ्यातली एक आक्का शेजारणीला म्हणाली, "चल गं, पंगत भरंल."

जयाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग कागदांची घडी करून ती मारुतीरावांच्या हातात दिली. "ठेवा. मी मागितले तरी देऊ नका."

निघालेली माणसं थबकली.

"आक्का, बसा वाईच," बाई म्हणाल्या. हा आवाज शाळेतला नव्हता, बोरगावच्या माहेरच्या अंगणातला होता. "आत्ता मी केलं, त्येच त्यानं केलतं. पाचसाशे माणसं, सोळा घोडी घिऊन परमुलखात उतरला. माणसं म्हणाय लागली, घरला जाऊ. त्यानं आपलीच जहाजं फोडून बुडवली. म्हणाला, आता जावा कुठं जातासा."

"लई बेरकी," म्हणत आक्का बसली.

मग मेक्सिकोच्या राजाचं तळ्यातलं शहर आलं. पाण्यावरचे मळे आले, तिथून हाकलल्यावर कोर्तेझच्या माणसांची अंधारातली पळापळ आली. हरलेला तो झाडाखाली बसून रडला म्हणतात, हेही आलं.

"रडू दे की," आक्का म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात शिरलाच कशाला?"

"पर त्यो परत आला, आक्का. वेढा घातला, शहर घेतलं आणि पाडलं."

आचारी भरमा पळी घेऊनच बाहेर आला. "बाई, आवरा. आमटी खाली लागंल."

"लागू दे," मागून कुणीतरी म्हणालं.

"भरमाण्णा, आमटीत काय घातलंसा?"

"मिरची, संकेश्वरी. आन् टोमॅटो."

"दोन्ही तिकडच्या मातीतलं. त्याचा सगळा डोळा सोन्यावर. ते सोनं कुठं गेलं, कुणाला ठावं न्हाय. आणि ही मिरची समुद्र वलांडून, घाट चढून आली, ती हितलीच होऊन बसली. हरलेल्या माणसांनी आपल्या चुलीपर्यंतची वाट जिंकली बघा."

भरमा पळीसकट खाली बसला. "आन् त्यो मेला कसा?"

"ज्या राजाला एवढा मुलूख दिला, त्याच्याच दारात खेटं घालून थकला. राजानं वळखसुदिक दिली न्हाय. शेवटी एका खेड्यात गेला."

बाई थांबल्या. "झाली गोष्ट. चला जेवायला."

कुणी उठलं नाही. हात धुवायला गेलेली माणसंसुद्धा ओल्या हातांनी परत येऊन उभी होती. आक्कानं शेजारणीला धरून ठेवलं होतं. "त्या तळ्यातल्या बायकापोरांचं काय झालं, ते राहिलं की वो, बाई," ती म्हणाली.

मारुतीरावांनी कागद पुढं केले. "आता देऊ?"

"नको," जयाबाई म्हणाल्या आणि माईक परत जवळ ओढला. "ती जहाजं कवाच बुडाली."