कोंडवाड्यातला स्टोव्ह

आलेल्या माणसाकडे आल्या आल्या पैसे मागायचे, हे देवजीला जन्मात जमलं नाही. घरात तसं वळणच नव्हतं. बापाच्या वेळी खाडीकडून मिठाच्या बैलगाड्या यायच्या आणि त्यांचा मुक्काम यांच्या खळ्यावर पडायचा. आधी पाणी, मग गुळाचा खडा, मग वाटेची विचारपूस. सकाळी गाड्या जुंपल्या की गाडीवान कुणी न सांगता पायलीभर मीठ ओटीवर ओतून जायचा. बापाने कधी मागितलं नाही आणि गाडीवानाने कधी चुकवलं नाही. पुढे खळं गेलं, शेतं गेली, भाताच्या बांधांवर नव्या शहराच्या आखणीचे दगड तेवढे उभे राहिले. देवजीचं वळण मात्र होतं तिथेच राहिलं. जमिनीचा मोबदला मिळतो, वळणाचा कोण देणार?

ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. थंडी पडली की मुंबईची मंडळी पनवेलच्या रस्त्यावर एस.टी.तून उतरायची, पाठीवर पिशव्या टाकून चालत यायची आणि खारघरच्या डोंगराच्या पायथ्याला गावाच्या आमराईत तंबू ठोकायची. आमराई पंचायतीची, विहीर पंचायतीची. तंबूमागे रात्रीचे दोन रुपये घ्यावेत असं सरपंच कान्हा पाटलांच्या डोक्यात आलं आणि राखणीला त्यांनी देवजीला बसवलं. शेत गेल्यापासून देवजीने खडी फोडली होती, पाइप वाहिले होते, कुणाकुणाच्या गेटवर बदलीने उभा राहिला होता. महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडायची ही पहिलीच वेळ. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं कोण ठेवणार होतं? त्याची बायको गोजरा तर विहिरीवर चारचौघींत ‘आमच्यांची सर्व्हिस’ असा शब्द वापरायला लागली होती.

पावती वगैरे भानगड नव्हती. देवजी सांगेल तो आकडा आणि देईल ते पैसे. पण तंबू रस्त्यावरून दिसायचे. कान्हा पाटील शनिवारी संध्याकाळी येता-जाता ते मोजायचे, आणि सोमवारी देवजी जे पैसे आणून द्यायचा त्याचा आणि तंबूंचा मेळ काही बसायचा नाही.

बसणार कसा? देवजी आधी पाणी द्यायचा, सरपण दाखवायचा, पैशांचं निघताना बघू म्हणायचा. आणि निघताना माणसं सापडतील तर शपथ. कुणी उजाडायच्या आत डोंगराच्या अंगाने सटकायचं. कुणी म्हणायचं, मागून मोठे साहेब येतायत ते देतील, आणि मागून फक्त गावातली कुत्री यायची. कुणी शंभराची नोट पुढे करायचं आणि सुट्टे नाहीत म्हटल्यावर ‘राहू दे मग पुढच्या वेळी’ असं वर देवजीलाच दिलासा द्यायचं. एकाने तर आकाश सरकारचं, जमीन सरकारची, तू कोण मागणारा, म्हणून त्याला कायदा शिकवला. सगळी चांगल्या घरची माणसं. बसमध्ये कुणाचं पाकीट पडलं तर हाक मारून परत देतील अशी. पण राखणदाराला चुकवणं ही त्यांच्या लेखी चोरी नव्हतीच. ती सहलीतली मजा होती, ऑफिसात सांगायला एक किस्सा.

तिळसंक्रांतीनंतरच्या एका सोमवारी कान्हा पाटलांनी देवजीला थांबवून घेतलं.

“देवजी, तू खातंस असं मी बोलत नाय,” ते म्हणाले. “पन गाव बोलतंय. मी कोनाकोनाचं तोंड धरू? अजून एक डाव कमी आलं, त मना दुसरा मानूस बगावा लागंल.”

देवजीने मान हलवली. खरं बोलायचं तर त्याला रडू आलं होतं, पण सरपंचांच्या ओटीवर पुरुषमाणसाने रडायचं कसं, म्हणून तो डोळ्यात कचरा गेल्यासारखं करत खाली उतरला.

आणि नेमके त्याच शनिवारी मधुकर सर आले. हे कुठल्याशा कॉलेजात शिकवणारे, गोड बोलणारे गृहस्थ. दरवर्षी आपले आजी-माजी विद्यार्थी घेऊन यायचे. यंदाच्या थंडीतली ही त्यांची तिसरी खेप, आणि आधीच्या दोन्ही खेपांना ते पैसे न देताच गेले होते. तीन तंबू उभे राहिले. देवजीने पाणी दिलं.

“आज आदी पैसे माग,” गोजराने त्याला बजावलं. ती त्याच्यासाठी भाकरी घेऊन आमराईतल्या खोपीवर आली होती. “पाव्हनं नाय ते. गिराईक हायेत.”

देवजी उठला, तंबूंपाशी गेला आणि विचारून काय आला, तर सरपण पुरेल ना. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस तो. सरांनी त्याला बसवून चहा पाजला, ‘काका’ म्हणाले, थंडी यंदा जास्त आहे म्हणाले. चहा प्यायल्यावर तर पैशांचा विषय काढायची सोयच उरली नाही. तो उठताना सरच म्हणाले, “काका, आपला हिशेब सकाळी हां.” देवजीला बरं वाटलं.

तो खोपीकडे वळला आणि मागे शेकोटीभोवती गप्पा रंगल्या. थंडीच्या दिवसांत आवाज लांबवर येतो. सर सांगत होते, आपण कुठल्या किल्ल्यावर धर्मशाळेचं भाडं कसं बुडवलं, कुठे रखवालदार झोपेत असताना कसे निसटलो. पोरं खो खो हसत होती. त्यातली वैशाली नावाची एक मुलगी, तिने मघाशी देवजीच्या हातून कळशी घेतली होती, ती म्हणाली, “सर, पण या काकांचे मागच्या वेळचे राहिलेत.”

“अगं, ते काय काकांना मिळणार आहेत? पंचायतीच्या पोटात जाणार,” सर म्हणाले. “आपण दिले काय, न दिले काय.”

पुन्हा हशा झाला. त्यात ती मुलगी हसली की नाही हे देवजीला अंधारात कळलं नाही.

आता देवजीच्या मनात काय आलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढे कुणी ते समजून घेतलं नाही. गावाच्या वेशीवर पूर्वी कोंडवाडा होता. कुणाचं ढोर तुमच्या भातात शिरलं, खाल्लं, तर तुम्ही भांडायला जायचं नाही. ढोराला दावं लावायचं आणि दिवसाढवळ्या कोंडवाड्यात नेऊन बांधायचं. मालक यायचा, दंड भरायचा, ढोर सोडवून न्यायचा. जाताना तुमच्याच चंचीतली तंबाखू खाऊन जायचा. ढोर नेणाऱ्याला कुणी ढोरचोर म्हणत नसे. मागायची लाज वाटणाऱ्या माणसांसाठीच जणू कुणी शहाण्याने ती रीत काढली होती.

उजाडताना देवजी तंबूंपाशी गेला. शेकोटीजवळ त्यांचा पितळी स्टोव्ह होता. त्याने तो उचलला आणि खोपीच्या दारात दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. लपवायचं मनातही आलं नाही. शेजारी बसून तो दात घासू लागला. कितीतरी दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मालक येईल, दंड भरेल, स्टोव्ह नेईल.

मालक आला, पण एकटा नाही; सर चौघा पोरांना घेऊन आले. एकाने देवजीच्या सदऱ्याला हात घातला.

“कोंडलाय तो,” देवजी म्हणाला. “पैसे द्या, सोडवून न्या.”

“काय केलाय?” पोरगा म्हणाला आणि बाकीचे हसले. मग हसू ओसरलं आणि पोलिसांचं नाव निघालं. आरडाओरडा ऐकून गावातली माणसं जमली, कान्हा पाटीलही आले. देवजीने त्यांना कोंडवाड्याची गोष्ट सांगितली. कान्हा पाटलांच्या बापाची ढोरं देवजीच्या बापाने दोनदा कोंडली होती, तेव्हा त्यांना ती कळायला काहीच हरकत नव्हती. कळलीही असेल. पण समोर मुंबईची शिकलेली माणसं, त्यांच्या देखत ही कसली अडाणी रीत सांगायची?

“ढोर येगलं, लोकांची वस्तू येगली, देवजी,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“मग यांनी पैसे नाय दिलं त्याचं काय? तीन खेपा झाल्या.”

सगळ्यांच्या नजरा सरांकडे गेल्या. सरांचे कान लाल झाले. आपल्या विद्यार्थ्यांसमोर, खेड्यातल्या माणसांसमोर, दोन-चार रुपयांसाठी पकडलं जाणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. शेकोटीपाशी जी मजा होती तिचं आता उन्हात भलतंच काहीतरी दिसू लागलं होतं.

“दिले ना मी काल,” ते शांतपणे म्हणाले. “चहाच्या वेळी. काका विसरले असतील.”

एकही पोरगं बोललं नाही. वैशाली चपलेच्या टोकाने माती उकरत होती. देवजी तिच्याकडे बघत राहिला, ती वर बघेल म्हणून. ती बघेना.

सर उदार माणूस. पोलिसांत जायचं नाही, गरिबी माणसाला करायला लावते, काकांनी फक्त चूक कबूल करावी, असं ते म्हणाले. कान्हा पाटलांनी देवजीला कोपराने ढोसलं. देवजीने हात जोडले आणि चूक झाली म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्याशाने स्वतःच मान पुढे केली, वर चोरापुढे हात जोडले.

तंबू उतरले. मंडळी रस्त्याला लागली. सगळ्यात मागे राहिलेली वैशाली चप्पल सारखी करायच्या निमित्ताने खोपीशी वाकली आणि घडी केलेल्या नोटा देवजीच्या हातात कोंबून गेली. “सॉरी काका,” एवढंच म्हणाली. देवजीने घडी उलगडली. तिन्ही तंबूंचे पैसे होते.

गावातल्या माणसांमागून आलेल्या गोजराने ते पाहिलं आणि त्याची मूठ मिटली.

“पाटलांना देऊ नको,” ती म्हणाली. “पैसे दिलंस त बोलतील, व्हतं याच्याकडं. सर खरा झाला, तू खोटा.”

“आनी ठेवलं त?”

गोजरा कालच्या भाकरीचं फडकं घडी करू लागली.

“ठेवलं त मी खरंच खाल्लं असं व्हईल,” देवजी म्हणाला. “आजवर नाय खाल्लं.”

त्या बाईचा हिशेब बरोबर होता आणि नवऱ्याचाही बरोबर होता. दोन्ही हिशेब बरोबर असले की गरिबाचं तेवढं चुकतं.

सोमवारी सकाळी त्याने पैसे कान्हा पाटलांपुढे ठेवले. पाटलांनी त्या नोटा मोजल्या. त्यांचा चेहरा पडला, आणि ते खोटं नव्हतं.

“मी रातभर इचार करत व्हतो,” ते म्हणाले. “मना वाटलं, देवजी खरं बोलत असंल, तो मास्तरच लबाड असंल. आज तुना बोलवून सांगनार व्हतो, काम करत रव. आनी तूच आनून ठेवलंस.”

“ते पोरीनं दिलं. जाताना.”

“कोन पोर?”

“वैशाली. त्यांच्यातली.”

“सगल्यांदेखत एक शबूद नाय बोलली, आनी मागनं पैसे दिलं? परक्याच्या पोरीचं नाव क्याला घेतंस, देवजी?”

देवजी उभा राहिला. आपण सांगतोय ते त्याच्या स्वतःच्याच कानांना खोटं वाटू लागलं होतं. पाटलांनी नोटा उचलून कोनाड्यात ठेवल्या आणि खोपीतलं सामान आजच हलव म्हणाले.

दुपारी देवजी आपल्या ओटीवर बसून होता. गोजरा आत होती, रडत नव्हती, काही करतही नव्हती. शेजारच्या शेवंताबाईने अंगणात चटईवर जवळा वाळत घातला होता. नेहमी ती ‘देवजी, जरा मांजर बगशील’ एवढं सांगून पाण्याला जायची. आज ती कळशी घेऊन दारात आली, देवजीकडे बघून थबकली, कळशी खाली ठेवली आणि चटई गोळा करायला लागली.

“सुकला नाय अजून, काकी,” देवजी म्हणाला.

“सुकला,” शेवंताबाई म्हणाली.

ऊन डोक्यावर होतं. चटई मोठी, तिला एकटीला आवरेना, जवळा एका बाजूने सांडायला लागला. देवजी उठला, त्याने दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ती चटई आत नेली.